हसण्यावर पहारा

ताईचा पेशाच संशयाचा होता. शर्टांच्या कारखान्यात ती चेकर. शिवून झालेला शर्ट टेबलावर आला की आधी कॉलर उलटी करायची, मग बटणपट्टीवरून बोट फिरवायचं, मग काजं ताणून बघायची, आणि कुठे टाका सुटलेला दिसला की लाल स्टिकर चिकटवून शर्ट मागे धाडायचा. बावीस वर्षं हेच. मशीनवरच्या बायका पाठीमागे तिला ‘भिंगबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

धाकटी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आईवडील गेल्यावर दोन खोल्यांच्या घरात दोघी बहिणीच उरल्या. ताईनं लग्न केलं नाही. धाकटीचं एकदा जुळता जुळता राहिलं. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं घेऊन पाठवत, त्यावरून ही प्लॅस्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची कवळी घासूनपुसून डबीत घालायची. हाताला अशी सफाई की लॅबचे मालक म्हणायचे, “हिनं बसवलेले दात माणसाच्या आधी हसतात.”

त्या वर्षी उन्हाळा लागला आणि धाकटी बदलली. एरवी हिला सकाळी तीन हाका माराव्या लागत. आता ताई उठायच्या आत हिची अंघोळ, कपडे, केस सगळं झालेलं. एका पहाटे तर घरातले सगळे पडदे धुऊन दोरीवर वाळत घातलेले. चेहऱ्यावर झोप नाही आणि थकवाही नाही. गुणगुणणं चालू, बोलणं चालू, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी. ताईनं कपात चहा ओतेपर्यंत हिचे चार विषय होऊन जात.

“काय गं, एवढी खुशीत?” ताईनं विचारलं.

“खुशीत असायला काय झालं? माणसानं कायम तोंड पाडूनच बसायचं का?”

ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पस्तिशीची बाई, उगाच पहाटे उठून केस विंचरते, आरशासमोर गाणी म्हणते. हे काही पडद्यांसाठी नव्हे. कुणीतरी आहे. आणि कुणीतरी असेल तर ती सांगत का नाही? म्हणजे सांगण्यासारखा नसणार.

मग ताई कामाला लागली. धाकटी अंघोळीला गेली की तिची पर्स उघडून बघायची. पहिल्या आठवड्यात काही सापडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन किल्ल्या सापडल्या. जुन्या, पितळी, कुठल्यातरी मोठ्या कुलपाच्या. त्या ना घराच्या होत्या, ना लॅबच्या. ताईनं त्या होत्या तशा ठेवल्या आणि ताकास तूर लागू दिली नाही. पण त्या दिवशी कारखान्यात तिच्या हातून तीन फाटकी काजं सुटली.

त्यातच लॅबच्या मालकांचा कारखान्यात फोन आला. आवाजात संकोच होता. “ताई, गैरसमज नका करून घेऊ. तुमची बहीण तिघांचं काम एकटी उरकते, माझी तक्रार नाही. पण मापं घ्यायचे ट्रे कमी भरताहेत. दातांचा ठसा घ्यायच्या लगद्याची पाकिटंही. विचारलं तर म्हणाली, लवकरच कळेल सगळ्यांना. घरी काही बोलली का?”

“नाही,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला. आता एक माणूस, दोन किल्ल्या आणि वर चोरी.

पुढच्या रविवारी धाकटी “मैत्रिणीकडे जाते” म्हणून निघाली आणि ताई पायांत चपला सरकवून तिच्या मागे. धाकटी इतक्या झपाट्यानं चालत होती की ताईला धाप लागली. बाजार ओलांडला, छापखान्यामागची गल्ली आली, आणि एका बंद सलूनसमोर धाकटी थांबली. किल्ली काढली, शटर वर केलं. आत शिरली.

ताई समोरच्या भिंतीआड उभी. आता तो येईल, तिनं मनाशी म्हटलं. आणि खरंच एक पुरुष आला. पंचाहत्तरीचा, काठी टेकत, तोंडाचं बोळकं झालेला. त्याच्या मागून दोन म्हाताऱ्या. मग आणखी एक म्हातारा. बघता बघता अकरा जण जमले. एकाच्याही तोंडात धड दात नव्हता.

ताई आत गेली. भिंतीवरचे आरसे पुसून लख्ख केलेले. न्हाव्याच्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं मान मागे टाकून बसलेली. फळीवर लॅबचे ट्रे. आणि भिंतभर कागद: नावं, जबड्यांची चित्रं, बाण, आकडे. अक्षर धाकटीचंच, पण एवढं मोठं, फराटेदार, की ओळखू येऊ नये.

“आलीस?” धाकटी म्हणाली. तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. “बरं झालं. हे बघ, गावात तोंडात दात नसलेला माणूस एका वर्षात उरणार नाही. मी हिशोब केलाय. मला झोप लागतच नाही ना, म्हणजे रोजचे आठ तास जास्त मिळतात, डॉक्टरांची गरजच नाही, मला नुसता चेहरा बघितला की जबडा दिसतो, आतला, हाडापर्यंत. कुणालाच हे सुचलं कसं नाही?”

ताईला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. पुरुष नाही! मग चक्क अभिमान वाटला. काठीवाले आजोबा हेच सलूनचे जुने न्हावी. कवळीच्या आशेनं त्यांनीच किल्ल्या दिल्या होत्या. ते बोळक्या तोंडानं म्हणाले, “देवमाणूस आहे तुमची बहीण. फक्त जेवत नाही काही. सांगा जरा तिला.”

तेवढ्यात खुर्चीतल्या एका आजींच्या तोंडात धाकटीनं लगद्यानं भरलेला ट्रे कोंबला. लगदा घशाकडे ओघळला असावा. आजींना उबळ आली, हात हवेत उडाले, डोळे पांढरे व्हायला लागले. धाकटी एका हातानं ट्रे दाबून धरून, मान वळवून, भिंतीवरच्या कागदाबद्दल बोलतच होती. हसतच होती. तिला आजी दिसतच नव्हत्या.

ताईनं धावत जाऊन तिचा हात झटकला, ट्रे उपसून काढला, आजींना पुढे वाकवलं. आजी खोकल्या, श्वास आला.

धाकटीचा चेहरा क्षणात बदलला. “तुला कुणी पाठवलं?”

“अगं, त्या गुदमरत होत्या.”

“मालकानं पाठवलं ना? त्याला माझी पद्धत हवीय. तू माझी पर्स उघडतेस, मला माहीत आहे. किल्ल्या हलवल्या होत्यास. तुम्ही दोघं मिळून करताय हे!”

पर्स उघडली होती हे खरं होतं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणारी बाई, आज पहिल्यांदा तिच्यावर कुणी बोट ठेवलं होतं. आणि ठेवणारीच्या डोळ्यांत ओळखीचं काही नव्हतं.

धाकटीला घरी आणायला दुपार गेली. ती रस्त्यात प्रत्येकाला थांबवून त्याच्या दातांबद्दल सांगत होती. न्हावी आजोबा काठी टेकत शेवटपर्यंत सोबत आले. ताईनं शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी धाकटीला लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी दहा मिनिटं तिचं ऐकून घेतलं, नाडी बघितली, आणि ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, “हिला आजच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मानसोपचार विभागात. मी सोबत येते.”

“वेड लागलंय का तिला?”

“आजार झालाय. चला.”

धाकटीला तीन आठवडे दाखल करून घेतलं. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, सर्दीनं बेजार, एका हातात रुमाल आणि दुसऱ्यात पेन. ताईला ते पहिल्याच दिवशी पसंत पडले नाहीत. सारखे प्रश्न. झोप कधीपासून कमी? बोलण्याचा वेग? एकाच वेळी किती कामं हाती घेतली? आपल्यात काही खास शक्ती आहे असं म्हणते का? ताईला वाटलं, हा माणूस शर्ट उलटा करून शिवणी बघतोय.

“याच्या अगदी उलट असं पूर्वी कधी झालं होतं का?” त्यांनी विचारलं. “अंथरुणातून उठत नाही, बोलत नाही, कशातच मन नाही?”

“नाही,” ताई म्हणाली. आणि म्हणतानाच तिला आठवलं.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. धाकटी तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झालेल्या. जेवणाला चव नाही म्हणायची. नंतर नंतर तेही म्हणेना. ताईनं लॅबमध्ये कळवलं होतं, कावीळ झालीय. शेजाऱ्यांना सांगितलं, अशक्तपणा. आणि मनात धरलं होतं की कुणीतरी हिला फसवलंय. तेव्हाही तिनं धाकटीचा खण उचकटून चिठ्ठ्या शोधल्या होत्या. ती उदास असो की आनंदात, ताई आपली दोन्ही वेळा एका पुरुषाच्या मागावर!

तिनं ते सगळं सांगितलं. डॉक्टरांनी रुमाल खिशात ठेवला.

“याला बायपोलर म्हणतात,” ते म्हणाले. “दोन टोकांचा आजार. एका टोकाला माणूस खाली बुडतो, दुसऱ्या टोकाला वर उडतो. सकाळी रुसून दुपारी हसला तर तो आजार नव्हे, ते तुमचं आमचं सगळ्यांचं होतं. हे आठवडेच्या आठवडे टिकतं आणि झोप, भूक, बोलणं, विचार, निर्णय सगळं बदलून टाकतं. वर उडालेल्या माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही. उलट आजवर कधी नव्हतो इतके धडधाकट आहोत असं वाटतं. म्हणून तो दवाखान्यात येत नाही. खाली बुडालेला येतो, पण त्याला आम्ही नुसतं नैराश्य समजून बसतो.”

“कुणामुळे झालं?”

“कुणामुळे नाही. घराण्यात कुणाला होतं?”

“नाही,” ताई पुन्हा म्हणाली आणि उठून बाहेर गेली. जिन्यापर्यंत गेली. तिथे तिला मामा आठवला. सगळे त्याला तऱ्हेवाईक म्हणत. त्यानं एकदा घरातलं सगळं सामान शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकलं होतं आणि मग वर्षभर माळ्यावर पडून राहिला होता. त्याच्याबद्दल घरात ब्र काढायचा नाही अशी रीत होती. ताई परत फिरली, दारातूनच म्हणाली, “मामा होता,” आणि उत्तराची वाट न बघता निघाली. बसमध्ये तिला दुसरीच शंका चावायला लागली. माझ्यातही असलं तर? मग आपण स्वतःच्या हातांकडे, स्वतःच्या विचारांकडे चोरासारखं बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. धाकटी शांत होती, थोडी जड, शब्द शोधून बोलणारी. गोळ्या रोज, दीर्घकाळ, बरं वाटलं तरी. ठरलेल्या तारखेला रक्ताची तपासणी. पाणी भरपूर. झोपेची वेळ चुकवायची नाही. आणि मग ते एकदम धाकटीला म्हणाले, “त्या हिवाळ्यात जीव नकोसा झाला होता का?”

“काय विचारता हे!” ताई उसळली. “आमच्या घरात असलं—”

“हो,” धाकटी म्हणाली. “झाला होता. रोज. ताई समोर बसून भाजी निवडायची तेव्हासुद्धा.”

तीन महिने एका खोलीत. तिनं खण उचकटले, पर्स उघडली, चादरीखाली बघितलं. हा एक प्रश्न मात्र तिनं कधी विचारला नव्हता.

“विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही,” डॉक्टर म्हणाले. “विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. पुन्हा तसं वाटलं तर लगेच यायचं, वेळ बघायची नाही.”

घरी आल्यावर ताईनं ठरवलं की आता आपण डोळ्यांत तेल घालून राहायचं. आणि तिथेच चुकलं. रोज सकाळी ती गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून रिकामी घरं मोजायची. धाकटी फोनवर बोलली की कुणाशी, किती वेळ. ती जास्त जेवली तर संशय, कमी जेवली तर संशय. धाकटी हसली की ताई हातातलं काम टाकून तिच्या डोळ्यांत बघायची, जशी काजं बघायची तशी.

लॅबच्या मालकांनी ट्रेचा विषय पुन्हा काढला नाही. धाकटीला परत घेतलं. मात्र टेबल आपल्या काचेच्या केबिनसमोर दिलं. तिथेही पहाराच. शिवाय गोळ्यांनी तिचा हात किंचित थरथरायला लागला. इतरांच्या लक्षातही आलं नसतं, पण मेणात दात बसवणाऱ्या हाताला केसाएवढा थरथराट म्हणजे डोंगर. तिच्याकडे साचे ओतायचं काम आलं. तिनं कुणाला काही म्हटलं नाही.

एके दिवशी ताईला पाकिटात दोन गोळ्या जास्त भरल्या. पुन्हा मोजल्या. दोनच. कारखान्यात तिला दिवस सरता सरेना. संध्याकाळी धाकटी दारात पाऊल टाकते न टाकते तोच तिनं पाकीट समोर धरलं.

“गोळ्या बंद केल्यास ना?”

धाकटीनं पाकिटाकडे बघितलं. पिशवीतून चिठ्ठी काढून ताईच्या हातात दिली. त्यावर तारीख होती, डॉक्टरांची सही होती. “परवा जेवणाच्या सुट्टीत एकटी जाऊन आले. हात थरथरतो म्हणून सांगितलं. त्यांनी रक्त तपासलं आणि डोस कमी केला. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस का? तू मोजतेस, ताई. विचारत नाहीस.” तिचा आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. “आज लॅबमध्ये एका माणसाची कवळी आली. त्याच्या कुत्र्यानं पळवून अंगणात पुरली होती. सगळे पोट धरून हसले. मीही हसले. आणि हसता हसता मी काचेकडे बघितलं, मालक बघताहेत का म्हणून. मला हसायलासुद्धा आता परवानगी लागते. मी रडले तर हे टोक, हसले तर ते टोक. मग मधे मी कुठे राहायचं?”

ताई खुर्चीवर बसली. म्हणाली, “मला भीती वाटते गं.”

“मला नाही वाटत? तुला निदान बाहेरून दिसतं. मला तर आतून ते खरंच वाटत होतं. जबडे दिसत होते मला.”

त्या दोघींनी तेव्हा काय केलं, तर टेबलावर कागद घेतला. धाकटी म्हणाली, “खऱ्या खुणा मी सांगते. माझ्या मला माहीत आहेत.” आणि लिहायला लागली. सलग तीन दिवस पहाटे चारला जाग आणि तरीही थकवा नाही. अक्षर मोठं होणं. न सांगता दुसऱ्यांची कामं अंगावर घेणं. कुणी आपल्यावर टपलंय असं वाटणं. मग दुसऱ्या बाजूला: केस न विंचरणं, जेवण बेचव लागणं, हाकेला ओ न देणं. यातलं काही दिसलं तर ताईनं सरळ विचारायचं, आणि धाकटीनं खरं उत्तर द्यायचं. पर्स उघडायची नाही. गोळ्या मोजायच्या नाहीत.

“आणि हसणं?” ताईनं विचारलं.

“हसणं कुठेय यात? दाखव.”

ताईनं कागद दोनदा वाचला. सवयीनं उलटा करूनही बघितला. नव्हतं.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. पहिला महिनाभर ताई सकाळी गोळ्यांच्या फळीसमोर नुसती उभी राहायची, हात मागे बांधून. धाकटीचा हात हळूहळू बराचसा स्थिरावला. पूर्वीइतका नाही, पण समोरच्या दातांचं काम तिच्याकडे परत आलं. न्हावी आजोबांना तिनं रीतसर दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं, मापं तिथून आली आणि कवळी तिनं केली. ठसका लागलेल्या आजी मात्र पुन्हा तिच्या वाऱ्याला उभ्या राहिल्या नाहीत. रस्त्यात दिसली की त्या बाजू बदलत. धाकटीनं एकदा माफी मागायला जाऊन बघितलं. दार उघडलं नाही. ते तिला अजून लागतं.

दोन वर्षं गेली. कारखान्यात मोठी ऑर्डर आली, ताई अंधारून आल्यावरच घरी यायला लागली. अशात एका सकाळी चहा घेताना धाकटी म्हणाली, “ताई, तीन दिवस झाले. मला चारला जाग येते. आणि मस्त वाटतं.”

ताईचा कप हवेतच राहिला. तिच्या काहीच लक्षात आलं नव्हतं! भिंगबाईच्या नाकासमोरून टाका सुटला होता. आणि माणसाचा स्वभाव बघा, तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की, ही आपणहून सांगतेय म्हणजे नक्की याहून मोठं काहीतरी लपवतेय.

“आणखी काय?” तिनं डोळे बारीक करून विचारलं.

“आणखी काही नाही. कागदावर जेवढं आहे तेवढं सांगितलं.”

त्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांना या खेपेलाही सर्दी होती. त्यांनी औषधात बदल केला, दहा दिवस कामाला सुट्टी आणि वेळेवर झोप सांगितली. धाकटी कुरकुरली, लॅबमध्ये कामाचा ढीग पडलाय म्हणाली, पण तिनं ऐकलं. दाखल करायची वेळ आली नाही.

उठता उठता डॉक्टर ताईकडे वळले. “आणि तुम्ही? तुम्ही कशा आहात?”

“मला काय धाड भरलीय?” ताई म्हणाली.

“ती पाच वर्षांत एक दिवस सुट्टीवर गेलेली नाही,” धाकटी म्हणाली. “माझ्या वेळचे दवाखान्याचे दिवस सोडून.”

डॉक्टरांनी चिठ्ठीवर दुसरी ओळ लिहिली. ताईनं ती उलटीसुलटी करून वाचली. तिलाही दोन दिवस सुट्टी सांगितली होती. हे या दोघांनी आधीच ठरवलं असणार, तिला वाटलं.

दवाखान्याबाहेर धाकटी घराच्या बसकडे न जाता उलट्या दिशेच्या थांब्याकडे वळली.

“कुठे चाललीस?” ताईनं जागीच थांबून विचारलं.

“तळ्यावर. बाकावर बसू तासभर. मग घरी जाऊन झोपते, वचन.”

“तळ्यावर काय आहे?”

“पाणी आहे, ताई.”

“आणि कोण येणार आहे तिथे?”

“तू आणि मी.”

ताईनं तिच्याकडे नीट बघितलं. मग बस आली, तेव्हा आधी तीच चढली आणि खिडकीजवळची जागा धाकटीसाठी धरून ठेवली.